मिठाच्या हंगामातली पाहणी

फाल्गुन उतरणीला लागला की मला अपराधी वाटायला लागतं. लोकांना त्या दिवसांत कैऱ्या आठवतात, वाळवणं आठवतात, मुलांच्या परीक्षा डोक्यावर बसतात. माझंही ते सगळं चालू असतंच. पापड लाटते, सुजाताचे पाढे घेते, नवा माठ आणून धुऊन ठेवते. पण दुपारी गॅलरीत उभं राहावं, खाडीकडून येणारा वारा ओठांवर खारट लागावा, आणि आकाशातला निळा रंग जाऊन नुसता पांढरा उजेड उरावा, असं दरवर्षी होतं. त्या उजेडाने डोळे आपोआप बारीक होतात. डोळे बारीक झाले की मला तळवलीचे पदूदादा आठवतात.

सुधाकर, म्हणजे माझा नवरा, म्हणतो, "झालं का तुझं सुरू? दरवर्षी काय ते टेन्शन?" तो ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात कारकून आहे. मार्चअखेरीला त्याला जेवायला सवड नसते, तर अपराधी वाटायला कुठून असणार? मी त्याला काही बोलत नाही. बोलले तर तो पुन्हा तेच सांगेल, की तुझी काय चूक होती त्यात. माझी चूक नव्हती हे मला त्याच्याआधीपासून ठाऊक आहे. त्याने काहीच सुटत नाही.

त्या वर्षी वाशी नुकती कुठे वस्ती म्हणण्याजोगी झाली होती. सेक्टरांना आकडे होते, पण रस्त्याला झाडं नव्हती. दोन बिल्डिंगींच्या मधे वाळकं गवत, त्यात गावच्या म्हशी, आणि पलीकडे पुन्हा एक तशीच बिल्डिंग. आम्ही परळच्या चाळीतून इथे आलो होतो. घरातल्या घरात संडास आहे याचाच इतका आनंद होता, की पाणी दिवसाआड येतं याचं महिनाभर कुणी नावच काढलं नाही. संध्याकाळी बायका जिन्यात बसून एकमेकींना विचारायच्या, तुमच्याकडे भाजी कुठून आणता, दूध कुठून घेता. कुणाचं कुणी ओळखीचं नव्हतं, म्हणून सगळेच ओळखीचे झाले होते.

याच बायका आणि त्यांचे नवरे ज्याला 'आपलं हॉस्पिटल' म्हणत, तिथे मी समाजसेविका होते. एका ट्रस्टचं लहानसं इस्पितळ, दोन मजल्यांचं. समाजकार्याची पदवी घेतलेली मी एकटीच, त्यामुळे केसपेपर हरवला तरी मला विचारत आणि नळ गळला तरी मलाच. माझं टेबल होतं व्हरांड्यात, अगदी दाराशी. आत येणारं प्रत्येक माणूस माझ्या समोरून जाई. मला त्याचा मोठा अभिमान होता. मी दारात आहे म्हणून लोक बुजत नाहीत, असं मी सुधाकरला सांगायची.

त्या थंडीत ट्रस्टला एका घराण्याकडून भली मोठी देणगी मिळाली. तिच्यातून एक नवा विभाग काढता येणार होता. एकच. आता कुठला काढायचा यावर व्हरांड्यात, जिन्यात, कमिटीत, सगळीकडे बोलणी सुरू झाली. आमचे मुख्य डॉक्टर होते सबनीस. नाकावर चष्मा, तोंडात कायम लवंग, आणि समोरचा काय सांगतोय ते पूर्ण ऐकून घेण्याची फार दुर्मिळ सवय. त्यांचं म्हणणं, डोळ्यांचा विभाग काढावा. खाडीकाठच्या गावांतली माणसं पिढ्यानपिढ्या मिठागरांत राबतात, त्या पांढऱ्या झळांनी त्यांचे डोळे लवकर जातात, मोतीबिंदू वेळेवर निघाला तर माणूस उभा राहतो. कॉलनीतल्या बायकांचं म्हणणं, बाळंतपणाचा विभाग हवा, आणि तोही अपुऱ्या दिवसांच्या मुलांना सांभाळण्याच्या सोयीसकट. कळा सुरू झाल्यावर टॅक्सी शोधत पूल ओलांडून मुंबईला जायचं म्हणजे काय असतं, ते त्यांनी भोगलेलं होतं. दोन्हीकडचं खरं होतं. अडचण होती ती तीच.

ट्रस्टचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांनी तोडगा काढला. "आपण इथे बसून भांडण्यापेक्षा लोकांनाच विचारू या. कॉलनीचं म्हणणं आपल्याला रोज ऐकू येतं. गावांत जाऊन कुणीतरी घरोघर विचारून या." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून उभी राहिले, म्हणजे जरा सावकाश उठले, कारण मला सहावा महिना लागला होता. सुजाता पोटात होती. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला उन्हातान्हात फिरणं झेपेल का?" मी म्हटलं, "डॉक्टर, मी काय आजारी आहे का?" मला राग आला होता. पोट दिसायला लागलं की लोक बाईला एकदम काचेचं भांडं समजायला लागतात, त्याचा मला त्या काळात फार तिटकारा होता.

मिठागर मी त्याआधी बसच्या खिडकीतूनच पाहिलं होतं. जवळ गेले तेव्हा कळलं, ते पाहण्याची गोष्टच नाही. बांधावरून चालताना दोन्ही बाजूंनी उजेड अंगावर येतो. खाली पांढरं, वर पांढरं, मधे काळ्या पायांची माणसं फळ्यांनी मीठ ओढताहेत, बायका डोक्यावर पाट्या घेऊन ओळीने चालताहेत, आणि मिठाच्या राशींकडे बघवत नाही. पहिल्याच दिवशी माझं डोकं दुखलं. दुसऱ्या दिवशी मी सुधाकरचा काळा चष्मा मागून घेतला. तो काळा चष्मा लावून मी दारोदार विचारत होते, "तुमच्या घरात कुणाला डोळ्यांचा काही त्रास?"

गावाने माझं स्वागत कसं केलं ते आठवलं की आजही तोंडाला पाणी सुटतं, आणि लगेच लाज वाटते. मी एका घरातून दुसऱ्या घरात पोचायच्या आत माझं पोट तिथे पोचलेलं असे. "ये गो बाय, बस. कितवा?" हा पहिला प्रश्न. उत्तर द्यायच्या आत पाट पुढे येई. मग कुणी मीठ लावलेली कैरी, कुणी चिंच, कुणी तव्यावरून उतरलेली तांदळाची भाकरी आणि वर जवळ्याची चटणी. मी म्हणायची, मी कामाला आलेय. त्या म्हणायच्या, "काम काय पलून जातय? पोटातल्याला इचार त्याला काय पायजे." पोटातल्याला सगळंच पाहिजे असे. मी त्या महिन्यात इतकी जेवले, की सुधाकर म्हणाला, पाहणी गावाची चाललीय की गावच्या चुलींची?

आणि त्या बोलायच्या. त्यांना बोलतं करावं लागेल अशी तयारी मी पदवीच्या वर्गात शिकून आले होते, ती सगळी वाया गेली. एकीला होडीत कळा आल्या आणि नावाड्याने तोंड फिरवून वल्ही मारली. एकीचं मूल पायाळू आलं. एकीची सून ठाण्याला नेताना रस्त्यातच गेली. तिच्या सासूने ते सांगताना माझ्या हातावरचा हात काढला नाही. मी ऐकलं, लिहून घेतलं, रडलेही. त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं, हे मला आज मुद्दाम सांगावंसं वाटतं. मग मी शेवटी विचारायची: घरात आणखी कुणी आजारी? खोकला? डोळ्यांना कमी दिसतं असं कुणी? त्या हसून मान हलवायच्या. "नाय गो. सगली बरी हान."

सगळ्यांत जास्त जीव जडला तो तळवलीच्या नामीबायवर. पन्नाशीची असेल. रुंद कपाळ, त्यावर गोंदण, आवाज मिठागराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचणारा. मूलबाळ नव्हतं. नवरा पदू मिठागरात कामाला, एवढं तिने सांगितलं होतं. मी कुठल्याही घरी गेले तरी परतताना तिच्याकडे टेकायची आणि ती मला कुडाच्या सावलीत बसवून पायांना तेल लावायची. मला संकोच व्हायचा. "तुजी आई जवल नाय ना," ती म्हणायची, "मंग गप बस." माझी आई मी शाळेत असतानाच गेली होती, हे मी तिला कधी सांगितलं ते मला आठवत नाही, पण तिला ठाऊक होतं.

तिच्या घराच्या मागच्या दारापासून परसातल्या न्हाणीपर्यंत एक दोरी ताणून बांधलेली होती, कमरेच्या उंचीवर. मी हात धुवायला मागे गेले की नामीबाय ती दोरी वर उचलून धरायची, मला वाकावं लागू नये म्हणून. मी एकदा म्हटलं, "एवढी लांब दोरी, आणि कपडा एकही नाही?" ती म्हणाली, "आज धुतला नाय काय." मीही हसले. परसातल्या भेंडीच्या डेरेदार झाडाखाली एक घोंगडी पसरलेली असे, तिच्यावर बसलेलं कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी. ते सगळं मी बघत होते. बघून पुढच्या घरी जात होते.

पाहणीचा निकाल मी कमिटीपुढे मांडला तेव्हा शिमगा होऊन गेला होता. अण्णांनी बटाटेवडे मागवले होते. मी सांगितलं, गावांची गरज आणि कॉलनीची गरज एकच आहे, बाळंतपणाचा विभाग. होडीतल्या बाईची गोष्ट सांगितली, रस्त्यात गेलेल्या सुनेची सांगितली. दोघा-तिघांनी डोळे टिपले. सबनीस डॉक्टरांनी तोंडातली लवंग बाजूला सारली. "आणि डोळ्यांचं? काहीच नाही?"

"नाही, डॉक्टर."

"मिठागराच्या गावात? मोतीबिंदूसुद्धा नाही? तुम्ही नीट विचारलंत ना?"

मला ते लागलं. मी म्हटलं, "घरोघर जाऊन, पाटावर बसून विचारलंय. याहून नीट कसं विचारायचं ते तुम्हीच सांगा." त्यांनी माझे कागद चाळले. मग म्हणाले, "नाही, मग ठीक आहे. लोक सांगताहेत ते मी कोण नाही म्हणणार?" त्यांनी हात वर केला आणि ठराव एकमताने झाला. वडे गार झाले होते, पण चांगले होते.

आता या पुढचं लिहिताना माझा हात अडतो, कारण पुढचं सगळं आनंदाचं आहे. विभाग झपाट्याने उभा राहिला. वरच्या मजल्यावर दोन खोल्यांना फरशी बसली, भिंती पांढऱ्या झाल्या, अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी काचेची उबदार पेटी आली. वैशाख सरता सरता, विभाग उघडून आठवडाही झाला नसेल, मला आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. सुजाता जन्मली ती माझ्या तळहातावर मावेल एवढी. रडली नाही. तिला त्या काचेच्या पेटीत ठेवलं. मी पलीकडच्या खाटेवरून तिच्या छातीचं हलणं बघत होते. ती जगली. बाळांच्या डॉक्टरीणबाई सुधाकरला म्हणाल्या, "पूल ओलांडून न्यायची वेळ आली असती तर मी काही सांगू शकले नसते." सुधाकर खाली जाऊन व्हरांड्यात, माझ्याच टेबलाशी बसून रडला, असं मला नंतर कळलं.

त्या पेटीची निवड मी केली नव्हती. पण मी पाहणी केली होती, आणि माझीच मुलगी तिच्यात पहिल्यांदा निजली. योगायोग म्हणून मी तेव्हा चार जणींना कौतुकाने सांगितलंही.

सुजाताचा जीव स्थिरावला, आम्ही घरी आलो, आणि एका सकाळी नामीबाय दारात उभी. डोक्यावर पाटी, पाटीत अळिवाचे लाडू, सुकट, तांदूळ. आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून मागे एक उंच, वाकलेला माणूस. त्याच्या एका डोळ्यात नुसतं पांढरं होतं. दुसरा डोळा लाल, सुजलेला, त्यातून पाणी गळत होतं. मान किंचित वर, कानांनी रस्ता शोधणाऱ्या माणसाची असते तशी.

"ह्यो माजा घो," नामीबाय म्हणाली. "पदू. आता तुजी सुटका झाली, आता तुज्यासमोर आनायला हरकत नाय. त्याला तुज्या डाक्टरला दाव."

मी नामीबायच्या डोक्यावरची पाटी उतरवून घेतली. मग विचारलं, "नामीबाय, हे तर मिठागरात कामाला जायचे ना?"

"दोन हंगाम झाला, नाय जात. दिसतच नाय त्याला."

"मग मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस?"

तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. शिकलेल्या बाईला एवढंही कळत नाही, असं तिच्या चेहऱ्यावर होतं, पण ती मायेने म्हणाली, "तू पोटुशी व्हतीस गो. पोटुश्या बाईसमोर आंधला मानूस कोन आनतो? त्याचं नाव तरी कोन काढतो? तुज्या पोराच्या डोल्यांव पडला असता मंग?"

पदूदादा भिंतीला हात लावत खाली बसले होते. ते म्हणाले, "तू आयलीस का मी मागच्या दारी जाव. झाराखाली बसाव. तुजा आवाज आयकाव." आणि हसले. त्यांना माझा आवाज ओळखीचा होता. मी त्यांना पहिल्यांदा पाहत होते.

मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. नामीबाय गावात आणि शेजारच्या गावांतही आधी सांगून आली होती: पोटुशी बाय येणार हाय, आंधली-पांगली तिच्या नजरेला पडू देऊ नका, दुखण्याखुपण्याचं बोलू नका, तिला काय खायला द्या. कुणाची सासू, कुणाचा दीर, कुणाचा बाप. घरोघर माणसं मागच्या दारी जाऊन बसली होती आणि पुढच्या दारी मी कैरी खात त्यांची चौकशी करत होते. त्यांनी काही लपवलं नव्हतं. त्यांनी मला जपलं होतं. मला फसवलं असतं तर किती बरं झालं असतं असं मला पुष्कळदा वाटलं आहे. मग मला रागावता तरी आलं असतं.

माझ्या ध्यानात हे का आलं नाही, याचं उत्तर आमच्या घरात आहे. माझे वडील महाडकडचं खेडं सोडून मुंबईत गिरणीत आले, त्यांनी बुद्धाची वाट धरली, आणि त्या दिवसापासून दृष्ट, अपशकुन, पोटुशीने हे बघू नये, ते बघू नये, सगळं उंबऱ्याबाहेर ठेवलं. आम्हा भावंडांना ते माहीतच नव्हतं म्हटलं तरी चालेल. मला त्याचा अभिमान होता आणि आहे. पण जी गोष्ट मी मानत नाही, ती समोरचं माणूस मानत असेल, आणि माझ्यासाठीच मानत असेल, हे मनातसुद्धा आलं नाही. वडिलांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अज्ञान आहे, बाळ." मी हो म्हटलं. पण त्याच अज्ञानाने मला पाट दिला होता, माझ्या पायांना तेल लावलं होतं. त्याला नुसतं अज्ञान म्हणून मला मोकळं होता येईना.

सबनीस डॉक्टरांनी पदूदादांना तपासलं, बॅटरी विझवली. एक डोळा आधीच गेला होता. दुसऱ्यातला मोतीबिंदू पिकून फुटला होता, आत दाब वाढून डोळ्याची नस मेली होती. "कधीपासून दुखतंय?" त्यांनी विचारलं. नामीबाय म्हणाली, चैत्रापासून. डोकं आपटून घ्यायचा एवढं दुखायचं. पाल्याचा रस घातला, शेक दिला.

"अहो, मग तेव्हाच का नाही आणलंत? आमच्याकडे सोय नव्हती, पण मी चिठ्ठी देऊन मुंबईला पाठवलं असतं. आज निम्मं तरी दिसलं असतं."

नामीबायने माझ्याकडे पाहिलं नाही. खाली बघत म्हणाली, "कसा आनू? ही दारातच बसते ना. हिला सातवा लागला व्हता. म्हनला, थोडा कल काढू, हिची सुटका व्हऊ दे."

डॉक्टरांनी आम्हाला मुंबईला पाठवलं. तिथल्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. परतीच्या बसमध्ये नामीबाय मलाच समजावत होती. बाळंतीण हायेस, रडू नको, दूध आटेल.

मी पुन्हा कामावर गेले त्या दिवशी माझं टेबल दारातून उचलून मागच्या खोलीत लावून घेतलं. अण्णांनी विचारलं, का? मी सांगितलं, दारात वारा फार येतो. कमिटीपुढे मी सगळं मांडलं. कुणीही मला बोल लावला नाही. सबनीस डॉक्टर तर म्हणाले, "आपण चुकीची बाई पाठवली नाही, चुकीच्या महिन्यात पाठवली. आणि ते माझ्याही डोक्यात आलं नाही." पण देणगी संपली होती, आणि वरच्या मजल्यावर रोज नवी बाळं रडत होती. ती पेटी परत करा असं म्हणायचं कुणी? मी म्हणू शकले असते का? डोळ्यांच्या विभागासाठी मी पुढे वर्षानुवर्षं अर्ज केले, देणगीदारांच्या दारात बसले, गावात सुजाताला कडेवर घेऊन पुन्हा घरोघर फिरले. आता मागच्या दारची माणसं पुढे येऊन बसत. किती होती ती. मी एकेकाचं नाव विचारायची आणि मला आठवायचं, या घरात मी बोरं खाल्ली होती, या घरात भाकरी.

सुजाता मोठी झाली. ती हसली, चालली, शाळेत गेली, बक्षीस घेऊन आली, आणि प्रत्येक आनंदाच्या मागे मला ती भेंडीखालची घोंगडी दिसत राहिली. आई म्हणून मी कधी पुरती सुखी झाले नाही, असं म्हटलं तर सुजातावर अन्याय होईल. झाले, पुष्कळ झाले. पण तिच्या डोळ्यांत काजळ घालताना मी दर वेळी आधी एक बोट तिच्या डोळ्यांसमोरून फिरवून बघायची.

गेल्या दिवाळीनंतर इस्पितळात एकदाचा डोळ्यांचा विभाग सुरू झाला. आठवड्यातून दोन दिवस डॉक्टर येतात, शस्त्रक्रियाही होतात. सबनीस डॉक्टर निवृत्त झालेत, पण उद्घाटनाला मुद्दाम आले होते. तळवलीची बरीच माणसं आली होती. मिठागरं आता थोडीच उरलीत, डंपर येऊन भरणी टाकताहेत, उरलेल्या वाफ्यांत मात्र अजून हंगाम चालतो. पदूदादांना आता तिथे दाखवण्यासारखं काही राहिलेलं नाही. आणि त्याच विभागात, पहिल्याच महिन्यात, शाळेतून चिठ्ठी आली म्हणून मी सुजाताला घेऊन गेले, तर तिला नंबर लागला. दोन्ही डोळ्यांना. सुधाकर म्हणाला, आजकाल सगळ्याच पोरांना लागतो. चष्मा तिला शोभतोही.

दर फाल्गुनात आम्ही नामीबायकडे जातो. ती आता थकलीय, पण आवाज तसाच आहे. पदूदादा हल्ली पुढच्या ओटीवर बसतात. मी गेले की ते सुजाताला जवळ बोलावतात, ती किती उंच झाली ते हाताने डोक्यावर चाचपून बघतात, आणि मग दरवर्षी मला एकच गोष्ट विचारतात. तेवढंच. माझ्याबद्दल, सुधाकरबद्दल, कशाहीबद्दल दुसरं काही विचारत नाहीत. मी उत्तर देते आणि त्यांचं समाधान होतं. दरवर्षी मी जाताना ठरवते की आज त्यांची माफी मागायची, आणि त्यांच्या त्या समाधानापुढे माझं तोंड उघडत नाही.

या रविवारीही गेलो. नामीबाय दारात आली, सुजाताला बघून हसली आणि मधेच थांबली. तिने चष्मा पाहिला. आत जाऊन चहा टाकला. पदूदादांनी सुजाताला बोलावलं. तिच्या डोक्यावर हात ठेवला, "मोटी झाली गो," म्हणाले. त्यांचा हात खाली कपाळाकडे यायला लागला तसा नामीबायने आतून येऊन सुजाताला अलगद बाजूला घेतलं आणि तिच्या हातात लाडू दिला.

पदूदादांनी तोंड माझ्या आवाजाच्या दिशेला वळवलं. "बाय, पोरीचे डोले बरे हान ना?"

मी नामीबायकडे पाहिलं. तिने चष्म्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हळूच मान हलवली. नको.

"बरे आहेत, दादा."

"दोनी?"

"दोन्ही."

"मंग झाला," पदूदादा म्हणाले, आणि चहासाठी हात पुढे केला.